साहेबराव आणि गाड्यांचा मोतीबिंदू

आमचे शेजारी साहेबराव खरात लग्नाला गेले की आधी मांडवात जात नाहीत. गाड्या लावलेल्या असतात तिकडं जातात. हात मागं बांधून एकेका गाडीपुढं उभं राहायचं, वाकायचं, तिच्या तोंडाकडं निरखून बघायचं आणि पुढच्या गाडीकडं सरकायचं. आत त्रिशरण-पंचशील होतं, अक्षता पडतात, पहिली पंगत उठते, तरी हे तिसऱ्या ओळीतल्या पांढऱ्या जीपपाशीच. मग त्या जीपचा मालक शोधून काढतात. तो बिचारा नुकता पानावर बसलेला असतो. त्याच्या कानाशी लागून, डॉक्टर घरच्यांना बाजूला घेऊन बोलतात तशा आवाजात साहेबराव सांगतात, "पाव्हणं, उजव्याला मोतीबिंदू झालाय. डावा बी जायच्या मार्गावर हाये."

पाहुणा घाबरून स्वतःच्या डोळ्याला हात लावतो.

"तुमचा न्हाई हो, गाडीचा. जेवून घ्या बराबर, मंग या तिकडं. घाई न्हाई."

मोतीबिंदू म्हणजे हेडलाइटचा. हल्लीच्या गाड्यांना दिव्यावर काच नसते, प्लास्टिक असतं. चार-पाच उन्हाळे खाल्ले की ते आधी पिवळं पडतं, मग दुधाळ होतं. आत बल्ब कितीही दणकट असो, बाहेर उजेड पडतो तो देवघरातल्या समईएवढा. आमच्या मंठा गावाचं ऊन तर असं, की गाडीच काय, उघड्यावर ठेवलेली बादलीसुद्धा दोन वर्षांत तडकते. त्यामुळं साहेबरावांना पेशंटांची कमी कधीच पडली नाही. हे सगळं फुकट. कुणी पाकीट काढलंच तर म्हणायचे, "च्या सांगा. साखर कमी." आणि चहा आला की त्यात वरून साखर मागायचे.

नाव साहेबराव, पण जन्म गेला साहेबांची गाडी चालवण्यात. सरकारी जीपवर तीस वर्षं ड्रायव्हर. अकरा साहेब आले आणि गेले, जीप दोनदा बदलली, साहेबराव तेच. दुष्काळाची पाहणी म्हणा, इलेक्शनच्या पेट्या म्हणा, कुठल्याही रानात, कुठल्याही वाटेनं गाडी घालायचे. त्यांच्या मते दिवा हा ड्रायव्हरला दिसावं म्हणून नसतोच. "रस्ता तर मला पाठ हाये. लाइट कशासाठी, तर समोरच्याला आपण दिसलो पाह्यजे. बैलगाडीवाला असतो, सायकलवाला असतो, बाया चालत येऊन राह्यल्या असतात. त्यांना कळाया पाह्यजे ना, का कोणी येऊन राह्यलंय म्हणून!"

आता जरा माझ्याविषयी. मी मुळात चिडका माणूस. शाळेत गणित शिकवतो, त्यामुळं त्याचं कुणाला नवल वाटत नाही. पाच वर्षांपूर्वी मी एक जुनी गाडी घेतली. बायको मंदा हळदीकुंकू लावून गाडीची पूजा करत होती, मी ऐटीत उभा होतो, तेवढ्यात शेजारच्या फाटकातून साहेबराव आले. गाडीसमोर वाकले. सरळ झाले.

"गाडी घेतली सर? लई चांगलं केलं. पण आंधळी घेतली."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. पण मी काही बोलायच्या आत ते घरी जाऊन पिशवी घेऊन आलेसुद्धा. जुन्या पँटची शिवलेली ती पिशवी. तिच्यात पॉलिशपेपरचे तुकडे, नंबरवार, पासबुकाच्या प्लास्टिकच्या कव्हरांत घातलेले. चिकटपट्टी, पाणी मारायची फुसफुशी बाटली, जुन्या बनियनची फडकी, रबिंग पॉलिशची डबी. आधी दिव्याभोवती चिकटपट्टी, रंगाला ओरखडा नको म्हणून. मग पाणी मारायचं आणि घासायचं. आधी आठशे नंबर, मग हजार, मग पंधराशे, मग दोन हजार. आकडा वाढेल तसा पेपर मऊ.

"माणसाचं उलटं हाये सर," घासता घासता ते म्हणाले. "पगाराचा आकडा वाढला का माणूस खरबरीत. अकरा साहेब बघितले, एक बी मऊ निघाला न्हाई."

पहिल्या पेपरनंतर दिवा आणखीच पांढराफटक झाला. मी ओरडलो, "भाऊ, हे तर जास्तच बिघडलं की!"

"बिघडू द्या. आधी बिघडतं मंग सुधरतं. तुम्ही घरात जा बघू. घाई केली का ओरखडा."

'घाई केली की ओरखडा' हा त्यांचा मंत्र होता. मुलीच्या सोयरिकीपासून कुकरच्या शिटीपर्यंत कुठंही चालायचा. अख्खा रविवार माझा त्या दोन दिव्यांपायी गेला. पण संध्याकाळी त्यांनी फडक्याचा शेवटचा हात मारला आणि मी खरंच बघत राहिलो. आतला बल्ब, त्यामागची चांदीची वाटी, तिच्यातलं माझं एवढंसं तोंड, सगळं लख्ख. मला फार आनंद झाला. तो लपवण्यासाठी मी म्हणालो, "छान झालं. पण मोबाईलवर दाखवतात, हे टूथपेस्टनंसुद्धा होतं म्हणे."

साहेबराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकाशी आले आणि म्हणाले, "सर, टूथपेस्टनं दात घासा."

एकदा तर त्यांनी वरात थांबवली. सजवलेल्या गाडीत नवरदेव-नवरी बसलेले, पुढं बँड, दिवेलागणीची वेळ. साहेबराव गाडीसमोर आडवे. "नव्या संसाराला निघाले आन् लाइट असा? जमणार न्हाई!" नवरदेवाचा बाप लाल झाला. पण नवरदेव होता साहेबरावांच्या साडूचा नातू, त्यांना हलवायची हिंमत कुणाची? पाऊण तास घासकाम चाललं. बँडवाल्यांनी येत होती तेवढी सगळी गाणी वाजवली, मग पहिल्यापासून सुरुवात केली. नवरीला बसल्या जागी डुलकी लागली. पण वरात निघाली ती अशा उजेडात निघाली, की बँडमधल्या ढोलवाल्याची सावली पार वेशीपर्यंत पडली.

असा हा माणूस. आणि ह्या माणसाच्या स्वतःच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता.

डॉक्टरांनी सांगितल्यालाच चार वर्षं झाली होती. आधी एका डोळ्याचं ऑपरेशन करू, मग दुसऱ्याचं, साधी गोष्ट आहे, असं ते म्हणाले होते. साहेबरावांनी मान डोलावली आणि घरी येऊन बसले. हिवाळ्यात विचारलं की म्हणायचे, "अजून पिकला न्हाई. कच्चा काढू नये." उन्हाळ्यात विचारलं की, "उन्हाळ्यात कोणी डोळ्याला हात लावतं का?" पावसाळ्यात म्हणायचे, "ओल असती." जुन्या लोकांच्या सगळ्या समजुती त्यांनी सोयीसोयीनं वाटून ठेवल्या होत्या. आता पिकण्याबिकण्याची वाट बघत नाहीत, हे मी त्यांना दहा वेळा सांगितलं. ते म्हणायचे, "तुमचं गणित हाये सर, हा विषय तुमचा न्हाई." शेवटी मी हात टेकले.

काम मात्र थांबलं नव्हतं, कारण घासण्याला त्यांना डोळे लागतच नसत. ओला अंगठा दिव्यावरून फिरवायचे, कुठं खरखर आहे ते अंगठा सांगायचा. चूक निघायची नाही. त्यामुळं दिसणं किती गेलंय हे आम्हां कुणाच्या लक्षात आलं नाही. खरं तर यायला हवं होतं. त्या चौथ्या हिवाळ्यात त्यांना गल्लीतली एकूण एक गाडी मोतीबिंदूची वाटायला लागली. माझी गाडी त्यांनी एका वर्षात तीनदा घासली. "सर, पुन्हा आलाय," म्हणायचे. मी बघायचो तर दिवा स्वच्छ. मला वाटलं, रिटायर माणूस, वेळ जात नसेल. मी मनातल्या मनात चिडायचो. माझी मला आता लाज वाटते.

आणि मग विलास आला.

विलास म्हणजे माझा मेहुणा, मंदाचा धाकटा भाऊ. असतो संभाजीनगरला. त्यानं नवी कोरी गाडी घेतली होती आणि बहिणीला दाखवायला आणली होती. गाडीचं वय नऊ दिवस. सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, नंबरप्लेटवर हार होता. गाडी फाटकाबाहेर लावून आम्ही जेवायला बसलो. विलास पुरणपोळी खाता खाता गाडीत काय काय आहे ते सांगत होता. ते इतकं होतं, की दुसरी पोळी संपली तरी तो अजून स्टेअरिंगपाशीच होता. बाहेरून खसखस खसखस असा बारीक आवाज येत होता. मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. पण खरं सांगतो, कुठल्या गाडीवर चाललाय हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

हात धुऊन बाहेर आलो तर साहेबराव विलासच्या गाडीसमोर उकिडवे बसलेले. डाव्या दिव्याभोवती चिकटपट्टी नीटनेटकी लावलेली. दिव्यावर आठशे नंबरचा पेपर. दिवा ताकासारखा पांढरा.

विलासच्या तोंडून आवाजच फुटेना. फुटला तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली. "दाजी! कोण आहे हा माणूस? काय करतोय हा? अहो, नऊ दिवस झालेत गाडीला! नऊ!"

साहेबराव शांतपणे उठले. "पाव्हणं, तापू नका. मोतीबिंदू व्हता. दोन्हीला व्हता. मी डावा घेतला फक्त."

"अहो कसला मोतीबिंदू? नवी गाडी आहे! शोरूममधून आणलीय!"

"नवी?" साहेबराव म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "नवी हाये का हो सर?"

मी म्हणालो, "होय भाऊ. नवी आहे."

ते दोन पावलं सरकून उजव्या दिव्यासमोर वाकले. त्याला अजून हात लागला नव्हता. नाक टेकेल इतक्या जवळून त्यांनी बघितलं. मग अंगठा ओला करून दिव्यावरून फिरवला, एकदा वरून खाली, एकदा आडवा. अंगठा कुठंच अडला नाही. साहेबरावांचा चेहरा उतरला. इतका उतरला, की विलाससुद्धा ओरडायचा थांबला.

"मला तर दोन्ही सारखेच धुरकट दिसून राह्यले," ते हळूच म्हणाले. "म्हंजे मंग..."

ते पुन्हा उकिडवे बसले आणि पिशवीतून हजार नंबर काढला. त्या दुपारी त्यांनी तो एक दिवा घासला, पंधराशेनं, दोन हजारानं, मग फडक्यानं. त्यांच्या बायको गयावैनी शेजारी उभ्या राहून सांगत होत्या, "जरा वर. जरा डावीकडं. आता बराबर हाये." चार वाजता दिवा जसा होता तसा झाला. विलासनं खाली वाकून, डोळे बारीक करून पाहिलं, त्याला फरक सापडला नाही. जाताना तो त्यांना नमस्कार करायला गेला तर साहेबराव त्याला म्हणाले, "माफी असावी साहेब." तीस वर्षं साहेबांना साहेब म्हणून झालेला तो माणूस, माझ्या तिशीतल्या मेहुण्याला साहेब म्हणाला. मला अगदी तोंडात मारल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवसापासून पिशवी खुंटीला लागली. साहेबराव बाहेर पडेनात. बाजाराच्या दिवशी गेले नाहीत, विहारात गेले नाहीत, शेजारच्या तळणी गावात एक लग्न होतं, तिथंही नाही. आठव्या दिवशी मीच त्यांच्याकडं गेलो. बाजेवर बसले होते, भिंतीकडं तोंड करून.

मी सरळ विषयाला हात घातला. "भाऊ, आता पुरे झालं. ऑपरेशन करून टाका."

"पिकला न्हाई अजून."

"भाऊ!"

मग ते भिंतीकडं बघतच म्हणाले, "भ्या वाटतं सर. खोटं कशाला बोलू? नदीला पूर असताना जीप घातली म्या, तवा भ्या वाटलं न्हाई. पण मी रोज घासतो ना, मला म्हाईत हाये घासताना काय व्हतं ते. हात एकदा चुकला का संपलं. गाडीचा लाइट गेला तर दुसरा भेटतो. आता अंधुक का व्हईना, दिसून राह्यलंय. ही कुठं बसली, कुठं उठली, आकार कळतो. तेवढ्यात भागतं माझं."

हे ऐकल्यावर मला त्यांच्यावर चिडता येईना. मग घरी येऊन मी गयावैनींवर चिडलो. "ह्या बाईला काही आहे की नाही? नवरा आंधळा व्हायची वेळ आली आणि ही एका शब्दानं म्हणत नाही, की जा, करून या!"

मंदा भाकरी थापत होती. ती थांबली. "त्यांना काय बोलता? तुम्हाला काय माहीत?"

आणि तिनं सांगितलं. गयावैनींच्या दोन्ही हातांची बोटं वातानं वाकडी झाली होती. भाकरी थापणं तर सोडाच, परातीतलं पीठ मळता येत नव्हतं. दीड वर्ष झालं, रोज दोन वेळच्या चार-चार भाकऱ्या आमच्या मागच्या भिंतीवरून जात होत्या. वैनी त्या तव्यावर पुन्हा गरम करायच्या, म्हणजे घरात वास सुटावा, आणि नवऱ्याच्या ताटात वाढायच्या. मंदाला त्यांनी शपथ घातली होती. "ह्यांना कळालं तर स्वतः चुलीपुढं बसतील. त्या डोळ्यांनी हात भाजून घेतील. न्हाई तर पोरीकडं पुण्याला चल म्हणतील. मला माझं घर सोडायचं न्हाई." साहेबरावांना दिसत नव्हतं, तोवर हे झाकून राहणार होतं. म्हणून त्या ऑपरेशनचा आग्रह धरत नव्हत्या. आणि रात्री उठून त्याबद्दल रडतही होत्या.

दीड वर्ष माझ्याच घरात रोज आठ भाकऱ्या जास्त होत होत्या आणि मला पत्ता नव्हता! वर मी गणित शिकवतो. मंदा म्हणाली, "तुमचं लक्ष कधी असतं ताटाबाहेर?" 

दोनच दिवसांनी गयावैनी स्वतः आमच्या दारात आल्या. हात पदराखाली. "सर, जालन्याला कधी नेता यांना? बघा एखादा दिवस."

मंदा म्हणाली, "वैनी, मग तुमच्या हाताचं?"

"दिसले तर दिसले. काय करायचं? माणूस भिंतीकडं तोंड करून बसलाय आठ-दहा दिवस. त्याला असं बघत मी भाकरी लपवत बसू का?" डोळे पुसायला त्यांनी पदरातून हात काढला. तेव्हा मी ती बोटं पहिल्यांदा बघितली. आल्याच्या गड्ड्यासारखी झाली होती.

साहेबराव तयार झाले, पण एका अटीवर. आधी डॉक्टरांशी ते स्वतः बोलणार. जालन्याच्या त्या दवाखान्यातली डॉक्टरीण माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. साहेबरावांनी खुर्ची पुढं ओढली.

"बाई, एक सांगा. कितीचा पेपर मारता?"

"कसला पेपर आजोबा?"

"घासायचा. दोन हजार का तीन हजार? आन् पाणी कोणतं?"

ती पोरगी मोठी गुणाची. हसली नाही. डोळ्याचा प्लास्टिकचा नमुना काढून तिनं समजावून सांगितलं, की आजोबा, घासत नाही. आतलं जे धुरकट झालेलं भिंग आहे ते काढून टाकतो आणि तिथं नवीन बसवतो. वीस मिनिटं.

"म्हंजे डायरेक्ट बदलता?"

"हो."

साहेबराव मागं टेकून बसले. भीती गेलेली दिसत होती, पण तिच्या जागी नाराजी आली होती. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "उगाच भेलो सर. हे तर शोरूमवाल्यांसारखंच निघालं. बिघडलं का काढा, नवं बसवा. त्यात काय कारागिरी हाये?"

एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढं करायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला आम्ही सगळे गेलो. डॉक्टरीणबाईंनी बोटं दाखवली, ती बरोबर सांगितली. तक्त्यावरची अक्षरं वाचली, अगदी खालच्या ओळीपर्यंत. भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख न विचारताच सांगितली. मग ते वळले आणि गयावैनींकडं बघत राहिले. चार वर्षांनी नीट बघत होते.

"म्हातारी झालीस की गं," ते म्हणाले.

"आन् तुम्ही काय जवान राह्यला का?"

सगळे हसले. वैनींचे हात पदराखाली होते. साहेबरावांची नजर खाली पदराकडं गेली. ती लगेच तिथून हलली आणि खिडकीबाहेर जाऊन थांबली. हे मी बघितलं. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

अर्थ लागला दुसऱ्या दिवशी सकाळी. मंदा नेहमीप्रमाणं भाकऱ्यांचं फडकं घेऊन मागच्या भिंतीशी गेली, तर पलीकडं वैनी नव्हत्या. काळा चष्मा लावून साहेबराव उभे होते.

मंदा दचकली. "भाऊ, तुम्ही?"

"द्या इकडं. ती आंघोळीला गेली." त्यांनी फडकं घेतलं. मग आवाज बारीक करून म्हणाले, "मंदाताई, डॉक्टरबाईनं महिनाभर धूर, धूळ, वाकणं, समदं बंद केलंय. महिना तुमच्या भाकऱ्या खातो. मंग मला शिकवा थापायला. पण तिला सांगू नका मला कळालंय म्हणून. सांगायचं, ह्याला हौस आलीय."

मी न्हाणीजवळ दात घासत होतो. तसाच पुढं आलो. "भाऊ, कालच कळलं तुम्हाला?"

"काल?" साहेबराव हसले. "सर, पहिल्या दिवशी कळालं. चाळीस वर्षं खाल्ली तिच्या हातची. तिची भाकर जाड असती, कडंला करपलेली. ही पातळ. आंधळ्याला बी कळंल. आन् तिची बोटं वाकडी झाली, ते ताट घेताना माझ्या हाताला कळालं."

"मग दीड वर्ष बोलला का नाहीत?"

"तिनं लपवलं ना! तिला वाटत व्हतं मला दिसत न्हाई. तिला तेवढंच बरं वाटून राह्यलं व्हतं, मंग मी कशाला उघडं पाडू? माझं बी बरं चाललं व्हतं. न दिसणाऱ्याला कोणी विचारत न्हाई, का तुला दिसलं कसं न्हाई म्हणून. ऑपरेशनचं नाव काढलं का मला पहिलं हेच यायचं डोक्यात. भ्या तर व्हतंच, ते खोटं न्हाई. पण दिसाया लागल्यावर मी तिच्यासमोर बसून तिचे हात न बघितल्यासारखं कसं करू? हे काय मला जमणार व्हतं का? ड्रायव्हर माणूस मी, नाटकवाला न्हाई."

आतून तांब्याचा आवाज आला. साहेबराव फडकं बगलेत धरून घाईघाईनं घरात गेले. मंदा पदर तोंडाला लावून तिथंच उभी राहिली. मी न्हाणीत जाऊन टूथपेस्टचा फेस थुंकला आणि तोंडावर दोनदा पाणी मारलं.

बरोबर एक महिन्यानं, रविवारी, आम्हां दोघांना त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावणं आलं. साहेबरावांनी लुंगी खोचली होती. ओट्यावर परात, पीठ, तांब्या. गयावैनी स्टुलावर बसल्या होत्या, हात अजून पदराखालीच.

"ह्यांना म्हणं हौस आली," त्या मंदाला म्हणाल्या. "चाळीस वर्षांत पाण्याचा तांब्या हातानं घेतला न्हाई. आता हौस!"

"डोळा नवा आलाय," साहेबराव पिठाकडं बघत म्हणाले. "कायतरी नवं करावं वाटतं माणसाला."

पहिला गोळा हाताला चिकटून बसला. दुसरा परातीत फाटला. मंदा सांगत होती, पण साहेबराव घाबरून पाणी ओततच होते. शेवटी वैनींना राहवेना. "अवं, पीठ मळताय का चिखल करताय? असं न्हाई! असं!" म्हणून त्यांनी दोन्ही हात बाहेर काढले आणि हवेत थापून दाखवले. दाखवले आणि त्यांच्या लक्षात आलं. हात तसेच हवेत राहिले.

साहेबरावांनी त्या हातांकडं बघितलं. ह्या वेळी नजर हलवली नाही. "असं?" त्यांनी विचारलं, आणि तसंच थापायला लागले.

वैनी त्यांच्याकडं बघत होत्या. मग मंदाकडं बघितलं, मग माझ्याकडं. सगळं कळलं त्यांना. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं, पण हात त्यांनी परत पदराखाली नेले नाहीत. "मोठी करू नका," त्या रडत रडत म्हणाल्या. "तवा लहान हाये."

तव्यावर पडताना भाकरी एका कडेनं दुमडली. उलटताना अर्धी तुटली. साहेबरावांनी ती तशीच ताटलीत घातली, वर तेल-चटणी घातली आणि वैनींच्या मांडीवर ठेवली. आम्ही तिघं त्यांच्या तोंडाकडं बघत उभे होतो.

वैनींनी एक घास खाल्ला.

"कच्ची हाये," त्या म्हणाल्या. आणि दोन्ही वाकड्या हातांनी धरून सगळी खाल्ली.